रिकाम्या खाचेची गोष्ट : पर्सनल कॉम्प्युटरची पहिली पंधरा वर्षं

(व्याख्यानमालेतल्या चौथ्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. टेबलावरच्या वस्तू दाखवताना अर्धवट सुटलेली वाक्यं तेवढी पूर्ण केली आहेत.)

मागच्या व्याख्यानात आपण एअरकंडिशन्ड खोलीत बसणाऱ्या, काचेपलीकडून बघायच्या कॉम्प्युटरपाशी थांबलो होतो. आज तो टेबलावर येतो. त्यासाठी आम्ही हा खोका आणलाय. एका जुन्या असेंबल्ड पीसीचा सांगाडा आहे, झाकण आधीच काढून ठेवलंय. मागच्या रांगेतल्यांनी पडद्यावर बघा. हा हिरवा मदरबोर्ड, आणि त्याच्या या कडेला लांबट काळ्या पट्ट्या दिसतायत ना, एकाशेजारी एक? त्या खाचा, म्हणजे स्लॉट. दोन भरलेले आहेत, बाकीचे रिकामे. आजचं सगळं बोलणं या रिकाम्या स्लॉटबद्दल आहे.

पर्सनल कॉम्प्युटरचा इतिहास म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर काय येतं ते आम्हाला माहीत आहे. कॅलिफोर्नियातलं गॅरेज, कॉलेज सोडलेली दोन पोरं, आणि मग अब्जावधी डॉलर. ती पोरं आजही येणार आहेत, काळजी नको. पण त्या गोष्टीतून एक प्रश्न सुटत नाही. १९७५ ते १९८५ या काळात लहान कॉम्प्युटर बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या, त्यातल्या बहुतेक पार पुसल्या गेल्या. मग यंत्रांची एकच जात टिकली, आणि तीही तिच्या जन्मदात्याच्या हातातून निसटून. हे कसं झालं? आमचं उत्तर असं की बनवणाऱ्याने आत किती जागा मोकळी सोडली, आणि त्या जागेत परक्या माणसाला काय घालू दिलं, यावर बरंच काही ठरलं. आणि ही जागा सोडली गेली ती फार उदार मनाने नव्हे. बहुतेक वेळा घाईत, किंवा पैसे नव्हते म्हणून.

सुरुवात करू अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की नावाच्या गावात. तिथे एड रॉबर्ट्स यांची एमआयटीएस नावाची छोटी कंपनी होती. आधी हौशी लोकांच्या मॉडेल रॉकेटसाठी उपकरणं, मग कॅल्क्युलेटरचे किट. पण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या मोठ्या कंपन्या स्वतःच कॅल्क्युलेटर विकायला उतरल्या, किमती कोसळल्या, आणि एमआयटीएस कर्जात बुडाली. रॉबर्ट्सनी शेवटचा डाव म्हणून घरी जोडता येईल असा कॉम्प्युटर काढायचं ठरवलं. इंटेलची ८०८० ही चिप नुकतीच आली होती. तिची छापील किंमत ३६० डॉलर. रॉबर्ट्सनी घाऊक खरेदीची बोली करून ती ७५ डॉलरला मिळवली. त्यामुळे अख्खं किट चारशे डॉलरच्या आत बसलं.

'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर हा अल्टेअर ८८०० झळकला. यातली गंमत ऐका. तयार झालेला एकमेव नमुना पार्सलने न्यूयॉर्कला पाठवला होता, तो वाटेत गहाळ झाला. अंक तर छापायचा होता. मग नुसतं दर्शनी खोकं बनवून त्याचा फोटो काढला. म्हणजे ज्या चित्राने हजारो माणसं वेडी झाली, त्या चित्रातला कॉम्प्युटर आतून पोकळ होता. (हशा)

खरा अल्टेअर तरी काय मोठा भरलेला होता म्हणा! त्याला कीबोर्ड नाही, पडदा नाही. पुढच्या बाजूला स्विचेसची रांग आणि लाल दिवे. प्रोग्राम द्यायचा म्हणजे एकेक स्विच वर-खाली करून एकेक बाइट भरायचा. मेमरी २५६ बाइट. आजच्या युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीतलं एक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे अल्टेअरमध्ये मराठीची जेमतेम ८५ चिन्हं मावली असती, काना-मात्रा धरून. तुमचा पत्तासुद्धा पुरा लिहून झाला नसता.

तरीही लोकांनी पैसे आधी पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहिली. रॉबर्ट्सना काही शेकडा गिऱ्हाइकांची आशा होती, ऑर्डरी हजारांनी आल्या. का? याचं उत्तर आतल्या रचनेत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

अल्टेअरमध्ये प्रोसेसर एका बोर्डावर, मेमरी दुसऱ्या बोर्डावर. हे बोर्ड एका समाईक मार्गाला जोडलेले. त्या मार्गाला बस म्हणतात. बस म्हणजे काय, तर चाळीची गॅलरी समजा. सगळ्या खोल्या एकाच गॅलरीवर उघडतात. कोणी गॅलरीत उभं राहून "चौदा नंबर!" अशी हाक मारली की ऐकू सगळ्यांनाच जातं, पण ओ फक्त चौदा नंबरवाला देतो. प्रोसेसर असाच एक नंबर गॅलरीत टाकतो. त्याला आपण पत्ता म्हणू. तो पत्ता ज्या बोर्डाचा आहे तोच बोर्ड माहिती बसवर ठेवतो किंवा उचलतो. आता या चाळीची खुबी लक्षात घ्या. नवा भाडेकरू आला तर जुन्या भिंती पाडाव्या लागत नाहीत. गॅलरीवर उघडणारी एक रिकामी खोली असली आणि त्याला चाळीचे नियम माहीत असले की झालं. भाडेकरू कोणी पाठवला, मालकाने की परस्पर तिसऱ्यानेच, याची गॅलरीला फिकीर नसते.

रॉबर्ट्सनी या बससाठी १०० टोकांचे कनेक्टर वापरले. ते स्वस्तात मिळाले म्हणून घेतले, असं सांगतात. त्यातल्या कोणत्या तारेवर काय जायचं याची मांडणीही घाईघाईत झालेली, इंजिनियर मंडळी पुढे तिला नावं ठेवत राहिली. पण घेणाऱ्याने पाहिलं ते हे, की आज यात २५६ बाइट आहेत, उद्या स्लॉटमध्ये आणखी मेमरी बसवता येईल, मग टाइपरायटर जोडता येईल, मग टीव्ही. वस्तू अर्धवट होती हे खरंच, पण ती आपल्याला पुरी करता येईल अशी होती.

५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये काही छांदिष्ट जमले. तोच पुढचा होमब्रू कॉम्प्युटर क्लब. आलं का गॅरेज! एप्रिलमधल्या एका सभेत स्टीव्ह डॉम्पियर आपला अल्टेअर घेऊन आला. शेजारी एक साधा ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवला, स्विच खालीवर करून प्रोग्राम भरला, आणि रेडिओतून बीटल्सच्या एका गाण्याची चाल वाजू लागली. अल्टेअर आणि रेडिओ यांच्यामध्ये तार नव्हती. झालं होतं असं की कॉम्प्युटर काम करताना आजूबाजूला रेडिओ-लहरींचा गोंगाट सोडतो. डॉम्पियरच्या लक्षात आलं, की एकच छोटं आवर्तन किती वेळाने परत फिरवायचं हे बदललं की गोंगाटाचा स्वर बदलतो. बाहेर बोलायला तोंड नसलेलं यंत्र त्याने रेडिओच्या खरखरीतून गायला लावलं. सभेने उठून टाळ्या वाजवल्या. एरवी हा प्रसंग करमणूक म्हणून सांगितला जातो. आम्हाला त्यात वेगळं दिसतं. यंत्र बनवणाऱ्याच्या जे स्वप्नातही नव्हतं ते विकत घेणाऱ्याने काही आठवड्यांत करून दाखवलं होतं.

आता भांडणाकडे येऊ. कारण रिकामी जागा आली की भांडण आलंच.

एमआयटीएसने मेमरीचा ४ केचा बोर्ड काढला. तो धड चालत नसे. बर्कलेच्या बॉब मार्शने प्रोसेसर टेक्नॉलॉजी नावाची कंपनी काढून त्याच स्लॉटमध्ये बसणारा, चालणारा बोर्ड विकायला सुरुवात केली. स्टॅनफर्डच्या दोघांनी क्रोमेमको काढली आणि अल्टेअरसाठी कॅमेरा आणि रंगीत चित्राचं कार्ड बनवलं. रॉबर्ट्स भडकले. कंपनीच्या पत्रिकेत त्यांनी या मंडळींना परजीवी म्हटलं. आपल्याकडे बांडगूळ म्हणतात, तसं. एका अर्थी त्यांचंही बरोबर होतं. किट ते जवळपास पडेल किमतीत विकत होते, नफा मिळायचा तो बोर्डांवर, आणि तोच दुसरे नेत होते.

इथेच दुसरं पात्र येतं. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअरसाठी बेसिक भाषा लिहिली. हातात अल्टेअर नव्हता. हार्वर्डच्या मोठ्या पीडीपी-१० यंत्रावर ८०८० चं सोंग आणणारा प्रोग्राम करून त्यावर लिहिली. ॲलन पेपर टेप घेऊन अल्बुकर्कीला गेला, यंत्राला दोन अधिक दोन विचारले, उत्तर चार आलं. एमआयटीएसने ती भाषा विकायला घेतली, पण किंमत कशी लावली? आमचा मेमरी बोर्ड घेतलात तर बेसिक स्वस्त, नाहीतर बेसुमार महाग. म्हणजे नीट न चालणारा बोर्ड खपवण्यासाठी चांगला प्रोग्राम वेठीला धरला. लोकांनी काय केलं असेल? बोर्ड मार्शकडून घेतला आणि बेसिकच्या टेपची नक्कल क्लबात वाटली.

३ फेब्रुवारी १९७६ च्या तारखेचं गेट्सचं छांदिष्टांना उद्देशून लिहिलेलं खुलं पत्र प्रसिद्ध आहे. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं, बाकीचे चोरतात, असा त्याचा सूर. हे पत्र म्हणजे चोरी विरुद्ध मालकी अशा थाटात सांगितलं जातं. आमच्या मते त्यात बोर्डाची बाजू गळते. गेट्सचं नुकसान खरं होतं. लिहिणाऱ्याला त्याच्या लिहिण्याचा मोबदला मिळायलाच हवा. पण त्या नकलेमागे फुकटेपणाइतकाच तो नीट न चालणारा मेमरी बोर्डही होता.

रॉबर्ट्सचं पुढे काय झालं? १९७७ मध्ये त्यांनी कंपनी विकली, वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि जॉर्जिया राज्यातल्या एका लहान गावात डॉक्टरकी केली. त्यांची बस मात्र त्यांच्याशिवाय चालू राहिली. स्पर्धकांना "अल्टेअर बस" म्हणायचं जिवावर आलं, म्हणून त्यांनी तिला एस-१०० नाव दिलं, आणि १९८३ मध्ये ती रीतसर मानक झाली. भाडेकरूंनी चाळीची पाटीच बदलली म्हणा ना.

होमब्रूच्या सभांना स्टीव्ह वॉझनियॅक नावाचा एचपीतला इंजिनियर यायचा. बुजरा, मागे बसणारा. त्याने १९७६ मध्ये ॲपल-१ चा उघडा बोर्ड केला आणि १९७७ मध्ये ॲपल-२. त्याच वर्षी कमोडोरचा पेट आणि रेडिओ शॅकचा टीआरएस-८० हेही आले. तिन्ही तयार मिळायचे, डाग देणं वगैरे भानगड नाही. टीआरएस-८० तर पडद्यासकट सहाशे डॉलरला आणि गल्लोगल्लीच्या दुकानांत. सुरुवातीला खपात तोच पुढे होता. मग ॲपल-२, जो दुपटीहून महाग होता, सोळा वर्षं कसा काय चालला? त्याचं उत्पादन १९९३ पर्यंत सुरू होतं, लक्षात घ्या.

याबद्दल एक वाद नोंदलेला आहे. स्टीव्ह जॉब्सचं म्हणणं होतं, दोन स्लॉट पुरेत. एक प्रिंटरला, एक मोडेमला. आणखी काय जोडणार लोक? वॉझनियॅक आठावर अडून बसला. आठ नको असतील तर दुसरा कॉम्प्युटर शोध, इथवर गोष्ट गेली. आठ स्लॉट झाले. झाकणही असं की नुसत्या हाताने उचलून काढायचं.

शिवाय वॉझनियॅकने एक खुबी केली, जिचं कौतुक कमी होतं. प्रत्येक स्लॉटला त्याने पत्त्यांचा एक ठरावीक पट्टा देऊन टाकला. कार्डाने आपला छोटा प्रोग्राम आपल्याच चिपमध्ये सोबत आणायचा, आणि तो त्या पट्ट्यात आपोआप दिसणार. म्हणजे पाहुणा येताना आपला डबा घेऊन आला. यजमानाला त्याच्या आवडीनिवडी आधीपासून माहीत असण्याची गरजच उरली नाही.

लोकांनी त्या आठ स्लॉटमध्ये काय काय घातलं! १९७८ मध्ये वॉझनियॅकचं स्वतःचं डिस्क ड्राइव्हचं कार्ड आलं, कॅसेट टेपवरून मिनिटं-मिनिटं प्रोग्राम भरायची कटकट संपली. ॲपल-२ च्या पडद्यावर एका ओळीत फक्त ४० अक्षरं यायची, तीही कॅपिटल. कोणीतरी ८० अक्षरांचं कार्ड काढलं. कोणी मेमरीचं काढलं. १९८० मध्ये तर मायक्रोसॉफ्टने असं कार्ड विकलं की ज्यावर दुसराच प्रोसेसर होता. ते घातलं की ॲपल-२ वर सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचे वर्डस्टारसारखे प्रोग्राम चालू लागत. घराचा मालक तोच, पण आतला मेंदू परका! त्या वर्षी मायक्रोसॉफ्टची सर्वांत मोठी कमाई या कार्डावर झाली.

आणि व्हिसीकॅल्क. डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये बिझनेस शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत होते. एक आकडा चुकला, तर त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागले. ब्रिकलिनच्या मनात आलं, फळ्यानेच हे आपणहून केलं तर? त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने मिळून तो जादूचा फळा बनवला. १९७९ मध्ये तो आधी ॲपल-२ वर आला. ज्यांनी कधी मार्च अखेरीचा ताळेबंद हाताने जुळवलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एक नोंद चुकली की रात्र गेली. दुकानात माणसं येऊन व्हिसीकॅल्क मागायची, आणि ते चालवायला जे यंत्र लागतं तेही द्या म्हणायची. त्यासाठी मेमरी जास्त लागे, डिस्क लागे, रुंद तक्ता हवा तर ८० अक्षरांचं कार्ड, कागदावर हवा तर प्रिंटरचं. दोन स्लॉट असते तर हे कुठे बसवलं असतं?

तर मग कचेऱ्यांत हे खोके शिरू लागल्यावर आयबीएमला जाग आली. त्यांच्या नेहमीच्या चालीने नवं यंत्र काढायला वर्षानुवर्षं लागायची. फ्लोरिडातल्या बोका रेटनमध्ये एका छोट्या चमूला साधारण एका वर्षाची मुदत दिली, पुढे डॉन एस्ट्रिज त्याचे प्रमुख झाले. एवढ्या वेळात सगळं घरचं करणं शक्य नव्हतं. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, बाजारात कोणालाही मिळणारा. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आणि मायक्रोसॉफ्टने ती तरी कुठे स्वतः लिहिली होती? सिॲटलच्या एका लहान कंपनीतल्या टिम पॅटरसनने लिहिलेली, एक लाख डॉलरहून कमी पैशांत घेतलेली. फक्त इतरांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे ठेवला. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी जाहीर झाला. आत पाच स्लॉट.

त्या पीसीच्या मूळ बोर्डावर पडद्याला चित्र पुरवणारं सर्किटच नव्हतं. पडद्यावर अक्षर उमटवायलासुद्धा वेगळं कार्ड स्लॉटमध्ये घालावं लागे. हे ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आयबीएमने एक तांत्रिक पुस्तकही विकलं. त्यात सर्किटच्या आकृत्या होत्या, आणि बायॉस या मूळ प्रोग्रामची प्रत्येक ओळ टिपणांसह छापलेली होती. बायॉस म्हणजे कारभारी. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणते "डिस्कवरून वाच", कोणत्या तारेला हात लावायचा ते कारभारी बघतो. चिपमध्ये कायमचा कोरलेला हा छोटासा प्रोग्राम सोडला तर पीसीमधलं बहुतेक सगळं बाजारात मिळत होतं. म्हणजे पीसीची नक्कल करायची तर आडवा येणार तो एवढाच.

मग छापला कशाला? छापल्याने कार्ड बनवणाऱ्यांची सोय झाली, हे उघड. पण दुसराही परिणाम झाला. त्यावर आयबीएमचा कॉपीराइट होता. ज्याने ते पुस्तक वाचलं त्याने पुढे स्वतःचा बायॉस लिहिला, तर "तू तिथूनच उचललंस" म्हणता येणार. वाचणाराच बाटला! काही कंपन्यांनी खरोखरच बायॉस उचलला, आणि कोर्टकचेरीची वेळ येताच त्यांना माघार घ्यावी लागली.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स सोडून आलेल्या तिघांनी १९८२ मध्ये ह्यूस्टनला कॉम्पॅक काढली. पहिल्या यंत्राचा आराखडा एका खानावळीत जेवणाच्या टेबलावरच्या कागदी मॅटवर काढला होता. त्यांनी बायॉसचा प्रश्न सोडवला तो असा. समजा शेजारच्या आजींची आमटी हवी आहे, पण त्यांची वही उघडायची नाही. एकाने रोज जेवायला जायचं आणि बाहेर येऊन लिहायचं : इतकी आंबट, इतकी गोड, फोडणीत मोहरी जाणवते. वही ज्याने कधी पाहिली नाही अशा दुसऱ्याने त्या वर्णनावरून आपल्या चुलीवर आमटी करायची. चव जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा. एका गटाने आयबीएमचा बायॉस काय काय करतो त्याचं वर्णन लिहिलं, तो कधीच न वाचलेल्या दुसऱ्या गटाने नवा लिहिला. यात पैसा आणि वेळ भरपूर गेला, पण कायद्याला बोट ठेवायला जागा नव्हती. सुटकेससारखा, १३ किलोच्या आसपासचा तो "पोर्टेबल" खोका १९८३ मध्ये बाजारात आला, आणि त्याच वर्षी कंपनीने ११ कोटी १० लाख डॉलरची विक्री केली. १९८४ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीजने हीच पद्धत वापरून बायॉस केला आणि मागेल त्याला विकायला काढला. मग काय, पीसी बनवायला आयबीएमची गरज उरली नाही.

त्याच १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिन्टॉश आला. माऊस, चित्रं, सुंदर अक्षरं. आणि स्लॉट? एकही नाही. खोका उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रू-ड्रायव्हर लागे. या वेळी वॉझनियॅक तिथे भांडायला नव्हता. मेमरी १२८ के, ती वाढवायची अधिकृत सोय नाही. यंत्र देखणं होतं यात वादच नाही, त्याचं देखणेपण आज सगळीकडे पोहोचलंय. पण धंद्यासाठी घेणाऱ्याला ते बंद घर वाटलं. तीन वर्षांनी ॲपलनेच मॅकिन्टॉश-२ काढला, त्यात सहा स्लॉट होते.

आणि गंमत अशी की त्याच वर्षी, १९८७ मध्ये, आयबीएम उलट्या दिशेने गेली. पीएस/२ मध्ये त्यांनी नव्या धाटणीचे स्लॉट बसवले, जुनी कार्डं त्यात बसत नव्हती, आणि ते वापरायचे तर परवाना घेऊन पैसे भरायचे. तांत्रिकदृष्ट्या नवी बस सरस होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण लोकांच्या कपाटात जुनी कार्डं होती. १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन जुन्याच स्लॉटशी जुळणारी वेगळी बस जाहीर केली, आणि आयबीएमच्या मूळ स्लॉटला नाव दिलं "इंडस्ट्री स्टँडर्ड". म्हणजे पुन्हा भाडेकरूंनीच पाटी बदलली. २००५ मध्ये आयबीएमने पीसीचा धंदाच लेनोवोला विकून टाकला.

आता थोडं आपल्याकडे. आयबीएम १९७८ मध्येच भारतातून बाहेर पडली होती. १९८४ च्या नव्या कॉम्प्युटर धोरणाने आयात सैल केली. त्यानंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जे चालू झालं ते या सभागृहातल्या पन्नाशीपुढच्या मंडळींना सांगायला नको. एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून कार्ड, तिसऱ्यातून कॅबिनेट, आणि जोडून देणारा ओळखीचा पोरगा. आमच्यापैकी अनेकांचा पहिला पीसी असाच घरी आला. ह्यूस्टनच्या त्या आमटीशिवाय हे झालं नसतं.

पण आम्हाला दाखवायचंय ते दुसरं. पीसीच्या अक्षरांच्या कार्डात अक्षरं कोरून ठेवलेली होती, रोमन. थायलंडमधून अमेरिकेत आलेल्या व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला पीएचडीचा प्रबंध पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता, ते जमेना. म्हणून त्यांनी १९८२ मध्ये हर्क्युलिस हे कार्ड बनवलं, ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचं. पुढे ते जगभर खपलं, अगदी लॅमिंग्टन रोडवरही, आणि घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यामागची थाई अक्षरं माहीत होती.

देवनागरीचा प्रश्न असाच, थोडा अधिक गुंतागुंतीचा. रोमनमध्ये एकापुढे एक अक्षर ठेवलं की झालं. आपल्याकडे "कि" टाइप करताना आधी क, मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी आधी. "क्ष", "त्र", "र्क", प्रत्येकाची तऱ्हा निराळी. आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं होतं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. सी-डॅक म्हटलं की सगळ्यांना परम महासंगणक आठवतो, पण तिथेच मोहन तांबे यांच्या गटाने जिस्ट कार्ड पुढे नेलं. हे कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसायचं. इस्की नावाच्या संकेतप्रणालीत खालच्या १२८ जागा रोमनला, वरच्या जागा भारतीय लिप्यांना. ब्राह्मीतून निघालेल्या सगळ्या लिप्यांची वर्णमाला सारखीच, म्हणून संकेत एकच ठेवला. बटण दाबलं की तोच मजकूर गुजरातीत किंवा कन्नडमध्ये दिसायचा. १९९१ मध्ये इस्की राष्ट्रीय मानक झाली.

आणि खरी कमाल इथे आहे. डीबेससारख्या प्रोग्रामला मराठीचा गंधही नव्हता. त्याला तसंच ठेवून, वेलांटी अलीकडे आणणं, जोडाक्षर जुळवणं हे सगळं काम कार्ड करायचं. प्रोग्रामला वाटायचं आपण नेहमीसारखे बाइट पाठवतोय, पडद्यावर मात्र नावं मराठीत. बोका रेटनच्या चमूने पडद्याचं सर्किट बोर्डावरच पक्कं करून टाकलं असतं, तर पुण्याच्या कार्डाला शिरायला वाट कुठून मिळाली असती?

प्रश्न विचारा, वेळ आहे. आणि खोका जवळून बघायचा असेल तर पुढे या. त्या दोन भरलेल्या स्लॉटपैकी डावीकडचं हर्क्युलिसच्या धाटणीचं कार्ड आहे, उजवीकडचं डिस्कचं. काढून बघितलंत तरी चालेल, फक्त कडेला धरा, सोनेरी पट्ट्यांना बोटं लावू नका. चहा बाहेर ठेवलाय, तो मात्र आत आणू नका.